प्रतिपिंडांचे पुंजके कसे पकडायचे: उत्पादनात आणि तपासणीत नव्याने येणाऱ्यांसाठी

एचपीएलसीच्या (द्रावणातले घटक कॉलममधून वेगळे करून मोजणाऱ्या यंत्राच्या) पडद्यावर मुख्य शिखर चढायला लागण्याच्या थोडं आधी एक बुटका उंचवटा येतो. पहिल्या आठवड्यात त्याच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही, कारण मुख्य शिखरापुढे तो जवळजवळ सपाटच दिसतो. त्या उंचवट्यात एकमेकांना चिकटलेले प्रतिपिंडाचे, म्हणजे औषध म्हणून बनवलेल्या अँटिबॉडीचे, रेणू असतात. ते किती आहेत, यावर बॅचचं पुढे काय करायचं ते ठरतं. प्रयोगशाळेत सगळे त्यांना अ‍ॅग्रिगेट म्हणतात. मी इथे पुंजके म्हणेन.

यंत्राची बटणं कशी दाबायची ते तुमच्या एसओपीत (लिखित कार्यपद्धतीत) असेल. मला सांगायचं आहे ते वेगळं आहे. प्रत्येक पद्धत काही पुंजके दाखवते आणि काही झाकते. शिवाय सॅम्पल हाताळताना आपण स्वतः पुंजके बनवतो किंवा मोडतो. नव्या माणसाच्या बहुतेक चुका या दोनपैकी एक गोष्ट विसरल्यामुळे होतात.

आधी आकाराचा अंदाज घ्या

प्रतिपिंडाचा एक सुटा रेणू, म्हणजे मोनोमर, साधारण १५० किलोडाल्टनचा (किलोडाल्टन हे रेणूच्या वस्तुमानाचं एकक) असतो आणि द्रावणात त्याचा व्यास १० नॅनोमीटरच्या आसपास भरतो. दोन रेणू चिकटले की ३०० किलोडाल्टनचा डायमर होतो. तिथून पुढे तीन-चार रेणूंचे गट, मग शेकडो नॅनोमीटरचे पुंजके, मग काही मायक्रॉनचे कण, आणि शेवटी बाटली उजेडात धरल्यावर डोळ्यांना दिसणारे १०० मायक्रॉनच्या घरातले तंतू. एका रेणूपासून दिसणाऱ्या कणापर्यंत आकारात सुमारे दहा हजार पटींचा फरक आहे. एवढा पल्ला एकाही यंत्राला झेपत नाही, म्हणून पद्धती अनेक लागतात.

आकाराइतकाच महत्त्वाचा दुसरा प्रश्न म्हणजे पुंजका सुटणारा आहे की पक्का. काही रेणू दाटीमुळे सैल चिकटतात आणि द्रावण पातळ केलं की पुन्हा वेगळे होतात. काहींची घडी उलगडलेली असते, किंवा त्यांच्यात डायसल्फाइड बंध, म्हणजे गंधकाच्या दोन अणूंमधला रासायनिक बंध, तयार झालेला असतो. ते आपोआप सुटत नाहीत.

आणि हा सगळा खटाटोप कशासाठी? पुंजक्यावर एकच खूण ओळीने अनेकदा मांडलेली असते. अशी मांडणी रोगप्रतिकारक यंत्रणेला विषाणूच्या पृष्ठभागासारखी वाटू शकते. मग शरीर औषधाविरुद्धच प्रतिपिंडं तयार करतं, औषध निष्प्रभ होतं, कधी रुग्णाला तीव्र प्रतिक्रियाही येते. रक्तद्रवातून वेगळी काढलेली सुरुवातीच्या काळातली इम्युनोग्लोब्युलिनं थेट शिरेतून देता येत नव्हती. त्यांतल्या पुंजक्यांमुळे कॉम्प्लिमेंट यंत्रणा (रक्तातल्या संरक्षक प्रथिनांची साखळी) जागी होत असे, हे त्यामागचं मोठं कारण होतं. औषधांच्या आंतरराष्ट्रीय नियमांची १९९९ ची मार्गदर्शिका आयसीएच क्यू६बी, हिच्यात पुंजक्यांची गणना उत्पादनाशी निगडित अशुद्धींमध्ये केली आहे, ती उगाच नाही.

पायरी १: पुंजके कुठे तयार होतात त्या जागा ओळखा

सॅम्पल कुठून घ्यायचं हे कळायला प्रक्रिया डोळ्यांसमोर हवी. बहुतेक प्रतिपिंडं चिनी हॅमस्टरच्या अंडाशयापासून निघालेल्या सीएचओ पेशींत बनतात. काही पुंजके बायोरिअ‍ॅक्टरमध्येच तयार होतात. ३६-३७ अंश तापमान, हवेचे बुडबुडे, आणि दिवसेंदिवस त्याच द्रवात मुक्काम, हे प्रथिनाला सोसावं लागतं.

त्यानंतरची जोखमीची जागा म्हणजे प्रोटीन ए कॉलम, जो प्रतिपिंडाला धरून ठेवतो आणि बाकीचं वाहू देतो. प्रतिपिंड त्यावरून सोडवायला पीएच ३ ते ३.६ च्या आसपास उतरवतात, आणि त्याला लागूनच विषाणू निष्क्रिय करण्यासाठी द्रावण तसंच आम्लात, सहसा तासभर, ठेवतात. आम्लात रेणूची घडी थोडी सैल होते, विशेषतः एफसी भागातल्या (रेणूच्या बुंध्यातल्या) सीएच२ डोमेनची. गंमत अशी की आम्लात असेपर्यंत बरेच रेणू सारख्या विद्युतभारामुळे एकमेकांपासून लांब राहतात. ट्रिस (आम्ल शमवणारा पदार्थ) टाकून पीएच वर आणला की भार कमी होतो आणि सैल झालेले रेणू एकमेकांना धरतात. त्यामुळे द्रावण कधी कधी नेमकं उदासीन करतानाच दुधाळ होतं.

पुढे कॅटायन एक्स्चेंज (विद्युतभारावरून वेगळं करणाऱ्या) किंवा हायड्रोफोबिक (पाणी टाळणाऱ्या भागांवरून वेगळं करणाऱ्या) कॉलमवर पुंजके काढले जातात. कॅटायन एक्स्चेंजवर ते सहसा मुख्य शिखराच्या मागच्या उतारावर येतात. तो उतार किती गोळा करायचा, हा उत्पन्न आणि शुद्धता यांतला सौदा असतो. म्हणून तिथे एकत्र केलेल्या पूलइतकंच प्रत्येक फ्रॅक्शनचं (वेगळ्या गोळा केलेल्या भागाचं) सॅम्पलही मोलाचं असतं.

मग अल्ट्राफिल्ट्रेशन, म्हणजे बारीक छिद्रांच्या पडद्यातून पाणी काढून द्रावण दाट करणं. इथे द्रावण १०० ते २०० मिलिग्रॅम प्रति मिलिलिटरपर्यंत दाट होऊ शकतं, पंपातून शेकडो वेळा फिरतं, आणि पडद्यालगत त्याहूनही दाट थर जमतो. एक गोष्ट इथे लक्षात घ्या. पॉलिसॉर्बेट, म्हणजे हवा-पाण्याच्या सीमेवर प्रथिनाचं रक्षण करणारं सर्फॅक्टंट, सहसा या टप्प्यानंतर मिसळतात. अंतिम औषध थोडं हललं तर बहुधा निभावतं, पण मधल्या टप्प्याचं सॅम्पल तेवढ्याच हालचालीने बिघडू शकतं.

गोठवणं, वितळवणं, भरणीचा पंप, सिरिंजमधलं सिलिकॉन तेल, प्रकाश, वाहतुकीतले हादरे हे त्यापुढचे. गोठवण्याबद्दल एकच सांगतो. सोडियम फॉस्फेट बफर (पीएच टिकवणारं द्रावण) गोठताना त्यातलं डायसोडियम फॉस्फेट आधी स्फटिक होऊन बाजूला पडतं आणि उरलेल्या द्रवाचा पीएच बराच घसरतो. सॅम्पल कोणत्या बफरमध्ये आहे हे न बघता ते फ्रीझरात टाकू नका.

पायरी २: सॅम्पल घ्या, पण त्याला धक्का लावू नका

माझ्या मते सगळ्यांत जास्त वेळ या पायरीला द्यायला हवा. यंत्र चांगलं असेल तर ते तुम्ही दिलेल्या सॅम्पलबद्दल खरं सांगेल. पण ते सॅम्पल टाकीतल्या द्रावणासारखं उरलंय का, हे यंत्राला कळत नाही.

व्हॉर्टेक्स (नळी जोरात हलवणारं यंत्र) वापरू नका. नळी हळूच उलटीपालटी करून मिसळा. पिपेटने जोरात ओढ-सोड करू नका, फेस येऊ देऊ नका. कमी चिकटणाऱ्या प्लास्टिकच्या नळ्या वापरा. नळी काठोकाठ नसली तरी बरीच भरलेली असू द्या, कारण अर्धी रिकामी नळी हातात घेऊन चाललात तरी आत हवा आणि द्रव एकमेकांवर आपटत राहतात. गोठवायचं असेल तर छोटे भाग करून उणे ७० अंशांखाली ठेवा आणि प्रत्येक भाग एकदाच वितळवा. वितळल्यावर हलकेच मिसळायला विसरू नका, कारण नळीच्या तळाशी दाट आणि वर पातळ असे थर उरतात.

आम्लातल्या सॅम्पलचा मला बसलेला धडा सांगतो. विषाणू निष्क्रियतेच्या टप्प्याचा अभ्यास करताना मी ०, ३० आणि ६० मिनिटांची सॅम्पलं काढली आणि तिन्ही शेवटी एकदमच उदासीन केली. आलेख अगदी सपाट आला. आम्लाचा काही परिणाम होत नाही, असं मी लिहूनही टाकलं. प्रत्यक्षात शून्य मिनिटाचं सॅम्पलही नळीत तासभर आम्लातच होतं. प्रयोग पुन्हा केला तेव्हा ट्रिस आधीच मोजून भरलेल्या नळ्या तयार ठेवल्या, आणि चढती रेघ दिसली. तेव्हापासून उदासीन केल्याची वेळ सॅम्पल काढल्याच्या वेळेशेजारी लिहितो.

बायोरिअ‍ॅक्टरमधल्या कच्च्या द्रवाची अडचण निराळी आहे. त्यात पेशींची स्वतःची प्रथिनं आणि डीएनए असतात, त्यामुळे तो थेट एसईसीवर (आकारावरून रेणू वेगळे करणाऱ्या कॉलमवर, पायरी ४ बघा) टाकून अर्थ लागत नाही. आधी छोट्या प्रोटीन ए कॉलमवर शुद्ध करावं लागतं आणि त्यात पुन्हा आम्ल येतं. म्हणजे जे मोजताय त्यातला काही भाग मोजण्याच्या तयारीनेच बनलेला असू शकतो. यावर उपाय एकच: पुंजके माहीत असलेलं शुद्ध सॅम्पल त्याच छोट्या कॉलममधून नेऊन बघायचं, की त्यात किती भर पडते.

पायरी ३: डोळ्यांनी बघा, मग गढूळपणा मोजा

हे दोन मिनिटांचं काम कुणी वगळू नये. औषधकोशातली रीत म्हणजे २००० ते ३७५० लक्स उजेडात, काळ्या पाटीसमोर ५ सेकंद आणि पांढऱ्या पाटीसमोर ५ सेकंद बघणं. मग स्पेक्ट्रोफोटोमीटरवर ३५० नॅनोमीटरला शोषण घ्या. प्रतिपिंड तिथे प्रकाश शोषत नाही, त्यामुळे जे वाचन येईल ते विखुरलेल्या प्रकाशाचं असतं. हेच विखुरणं २८० नॅनोमीटरच्या वाचनातही मिसळतं आणि सांद्रता खोटी वाढवतं. म्हणून गढूळ सॅम्पलची सांद्रता दुरुस्ती न करता वापरू नका.

पायरी ४: एसईसी चालवा आणि एकूण क्षेत्रफळावर नजर ठेवा

साइझ एक्स्क्लूजन क्रोमॅटोग्राफी, म्हणजेच एसईसी, हा या कामाचा कणा आहे. कॉलममधल्या छिद्रांत छोटे रेणू शिरतात आणि रेंगाळतात. मोठे रेणू छिद्रांत शिरू शकत नाहीत, म्हणून लवकर बाहेर पडतात. पुंजके आधी, मग मोनोमर, मग तुकडे, असा क्रम.

सुरुवातीला पीएच ६.८ चं १०० मिलिमोलर फॉस्फेट आणि १५० ते ३०० मिलिमोलर मीठ, असा मोबाइल फेज (कॉलममधून वाहणारं द्रावण) बहुतेक प्रतिपिंडांना चालतो. मीठ फार कमी असेल तर रेणू सिलिकाला विद्युतभाराने चिकटतात. फार जास्त असेल तर पाणी टाळणारे भाग चिकटू लागतात. शिखर उशिरा आलं किंवा त्याला लांब शेपूट असली तर असं चिकटणं होतंय असं समजा. पुष्कळदा आर्जिनिन घातल्याने ते सुटतं.

रोज सुरुवातीला प्रमाणित मिश्रण चालवा. थायरोग्लोब्युलिन ६७०, गॅमा ग्लोब्युलिन १५८, ओव्हाल्ब्युमिन ४४ आणि मायोग्लोबिन १७ किलोडाल्टन ही नेहमीची चौकडी, सोबत बी१२ जीवनसत्त्व. पण त्यावर समाधान मानू नका. पुंजके असलेलं तुमच्याच रेणूचं एक ओळखीचं सॅम्पलही चालवा. पद्धत शिकताना तुलनेसाठी अमेरिकेच्या निस्ट संस्थेने २०१६ मध्ये आणलेलं निस्टमॅब हे संदर्भ प्रतिपिंड उपयोगी पडतं. कॉलम कोरा असेल तर पहिली काही इंजेक्शनं मोजू नका. नव्या कॉलमवरच्या मोकळ्या जागा आधी प्रथिन धरून ठेवतात, आणि त्यात पुंजके सगळ्यांत आधी अडकतात.

आता हिशेब. समजा काल ५० मायक्रोग्रॅम प्रथिन टाकलं आणि एकूण क्षेत्रफळ ५००० आलं, त्यात पुंजक्यांचं १००. म्हणजे २ टक्के. आज तेवढंच प्रथिन टाकलं, पुंजक्यांचं क्षेत्रफळ ६९ आलं आणि एकूण ४६००. टक्केवारी १.५. तक्त्यात फक्त टक्केवारी भरली तर सॅम्पल सुधारलं असं दिसेल. पण ४०० एकक कुठे गेले? कालच्या मानाने ८ टक्के प्रथिन कॉलममधून बाहेरच आलेलं नाही. बहुधा मोठे पुंजके कॉलमच्या तोंडच्या जाळीत किंवा आत अडकले, आणि सॅम्पल खरं तर बिघडलंय. टक्केवारीच्या शेजारी एकूण क्षेत्रफळ लिहायची सवय पहिल्या दिवसापासून लावा. कॉलमचा दाब चढत असेल तर तोही त्याच गोष्टीचा इशारा असतो.

आणखी तीन फसव्या जागा आहेत. पहिली, ०.२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळून इंजेक्शन देणं. कॉलम वाचतो, पण मोठे पुंजके फिल्टरवरच राहतात. गाळायचंच असेल तर गाळण्याआधीची आणि नंतरची सांद्रता दोन्ही मोजा. दुसरी, पातळ करणं. १५० मिलिग्रॅमचं द्रावण ५ मिलिग्रॅमवर आणलं की सैल जोड्या सुटू लागतात, आणि कॉलममध्ये ते आणखी पातळ होतं. म्हणून पातळ करण्याचं बफर आणि इंजेक्शनपर्यंतचा वेळ ठरवून टाका. तिसरी, जास्त प्रथिन टाकून डिटेक्टरला त्याच्या मर्यादेपलीकडे नेणं. मोनोमरचं शिखर वरून कापलं जातं, त्याचं क्षेत्रफळ घटतं आणि पुंजक्यांची टक्केवारी खोटीच वाढते.

शिखर कुठून कुठपर्यंत मोजायचं याचे नियम आधी लिहून ठेवा. प्रत्येक क्रोमॅटोग्रामवर हाताने रेघ ओढायला लागलात की दोन माणसांचे आकडे जुळणार नाहीत. आणि सोबत मॅल्स (अनेक कोनांतून विखुरलेला प्रकाश मोजणारा) डिटेक्टर असेल तर जरूर वापरा. तो विखुरलेल्या प्रकाशावरून रेणूचं वस्तुमान थेट सांगतो, त्यामुळे तो उंचवटा खरोखर ३०० किलोडाल्टनचा आहे का, हे अंदाजावर राहत नाही.

पायरी ५: डीएलएसने मोठ्यांचा सुगावा घ्या

डायनॅमिक लाइट स्कॅटरिंगमध्ये, म्हणजेच डीएलएसमध्ये, कणांच्या थरथरण्यावरून आकार काढतात. लहान कणांच्या बाबतीत विखुरलेला प्रकाश व्यासाच्या सहाव्या घाताने वाढतो. १०० नॅनोमीटरचा एक पुंजका १० नॅनोमीटरच्या दहा लाख रेणूंइतका चमकतो, तर त्याचं वजन, तो गच्च भरलेला धरला तरी, हजार रेणूंइतकंच असतं. म्हणजे वजनाने ०.१ टक्का असे पुंजके असले तरी ते बाकी सगळ्या मोनोमरइतका प्रकाश देतात. म्हणूनच एसईसीला न दिसलेली सुरुवात डीएलएसला दिसते.

याचीच दुसरी बाजू म्हणजे धुळीचा एक कण सगळं मोजमाप बिघडवतो. आणि मोनोमर-डायमर वेगळे दाखवणं डीएलएसला जमत नाही. दोन गट वेगळे दिसायला आकारात साधारण तीन पटींचा फरक लागतो. दाट द्रावणात रेणूंची आपसातली ओढ आणि चिकटपणा यांमुळे आकार भलताच येतो, तेव्हा सांद्रता कमी ठेवा आणि नेहमी तीच ठेवा. डीएलएसवरून पुंजक्यांची टक्केवारी अहवालात लिहू नका. झेड-सरासरी (प्रकाशावरून काढलेला सरासरी आकार) आणि पीडीआय (आकार किती विखुरलेले आहेत त्याचा आकडा) लिहा, आणि ओळखीच्या चांगल्या सॅम्पलशी तुलना करा.

पायरी ६: मायक्रॉनचे कण मोजा

इथे टक्केवारीची भाषा सोडून संख्येची धरावी लागते. १०० मिलिलिटर किंवा त्याहून लहान बाटलीसाठी प्रकाश अडवण्याच्या पद्धतीने औषधकोशाची मर्यादा आहे: १० मायक्रॉन आणि त्यावरचे कण प्रति बाटली ६००० पर्यंत, २५ मायक्रॉन आणि त्यावरचे ६०० पर्यंत. आता १० मायक्रॉनचे ६००० कण पूर्णपणे प्रथिनाने गच्च भरलेले धरले, तरी त्यांचं वजन जेमतेम ४ मायक्रोग्रॅम होतं. १०० मिलिग्रॅमच्या बाटलीत ते ०.००४ टक्के. एसईसीवर ९९ टक्के मोनोमर दाखवणारी बाटली कणांच्या चाचणीत नापास होऊ शकते, ती यामुळे. जोरात हलवलेल्या सॅम्पलमध्ये तर हे नेहमी दिसतं: एसईसी जसंच्या तसं आणि कण मात्र कितीतरी पट.

प्रकाश अडवण्याचं यंत्र पॉलिस्टायरिनच्या मण्यांवर जुळवलेलं असतं. प्रथिनाचे कण त्यांच्यापेक्षा बरेच पारदर्शक असतात, म्हणून ते कमी किंवा लहान मोजले जातात. फ्लो इमेजिंगमध्ये प्रत्येक कणाचं चित्र मिळतं: सिलिकॉन तेलाचे थेंब गोल आणि ठळक कडेचे, प्रथिनाचे कण वेडेवाकडे आणि फिकट. साधारण ५ मायक्रॉनखाली मात्र चित्रावरून हा फरक करणं अवघड होतं. अमेरिकेच्या एफडीएने २०१४ च्या मार्गदर्शिकेत २ ते १० मायक्रॉनच्या कणांचाही अभ्यास करायला सांगितलं आहे. तेव्हा १० च्या खालचे आकडे यंत्र देत असेल तर ते साठवून ठेवा.

हवेचे बुडबुडेही कण म्हणून मोजले जातात. सॅम्पल थोडा वेळ स्थिर ठेवा किंवा सौम्य निर्वातात बुडबुडे काढा. आधी कोरं बफर चालवा. त्यातच कण जास्त निघाले तर यंत्र धुवा, सॅम्पल वाया घालवू नका. साठवणीत नव्याने दिसलेले कण प्रथिनाचेच आहेत असं धरून चालू नका. पेशींकडून राहिलेले लायपेज (स्निग्ध पदार्थ तोडणारी विकरं) पॉलिसॉर्बेट तोडतात आणि सुटलेल्या स्निग्धाम्लांचे कण हुबेहूब तसेच दिसतात. एफटीआयआर किंवा रामन सूक्ष्मदर्शक, जे प्रकाशावरून पदार्थ ओळखतात, त्यांची ओळख पटवतात.

पायरी ७: वेगळ्या तत्त्वावर पडताळा

पद्धत बसवताना आणि प्रक्रिया बदलताना एसईसीचा आकडा कॉलमविना मिळालेल्या आकड्याशी ताडून बघतात. त्यासाठी अ‍ॅनालिटिकल अल्ट्रासेंट्रिफ्यूज, म्हणजे द्रावण अतिवेगाने फिरवून रेणू किती वेगाने खाली बसतात ते मोजणारं यंत्र. त्यात मोनोमर साधारण ६.५ स्वेडबर्गला (खाली बसण्याच्या वेगाचं एकक) आणि डायमर ९ ते १० च्या आसपास बसतो. काम संथ आहे, रोजच्या तपासणीला परवडत नाही. पण एसईसी २ टक्के आणि सेंट्रिफ्यूज ५ टक्के सांगत असेल तर आपला कॉलम पुंजके गिळतोय, हे पद्धत मंजूर होण्याआधीच कळतं.

पुंजका कसा जोडलाय हे सीई-एसडीएस सांगतं: यात एसडीएस या साबणासारख्या पदार्थाने रेणूंची घडी उलगडून ते बारीक नळीत विजेच्या ओढीने आकारानुसार वेगळे करतात. एसडीएसमध्ये उकळल्यावरही डायमर टिकला तर तो पक्क्या बंधाचा. रिड्यूस केल्यावर (डायसल्फाइड बंध रसायनाने तोडल्यावर) सुटला तर डायसल्फाइडचा.

पायरी ८: आकडा वाढला तर

पुन्हा इंजेक्शन देऊन चांगला आकडा शोधत बसू नका. आधी त्याच दिवशीचं ओळखीचं सॅम्पल बघा. तेही वाढलं असेल तर कॉलम, मोबाइल फेज किंवा शिखर मोजण्याची रेघ तपासा. ते जागच्या जागी असेल तर सॅम्पलचा प्रवास शोधा: कधी काढलं, किती वेळ कुठे थांबलं, कितव्यांदा वितळलं, कुणी कसं मिसळलं. त्यातही काही सापडलं नाही तर प्रक्रियेत एकेक टप्पा मागे जात जपून ठेवलेली सॅम्पलं एकाच दिवशी, एकाच कॉलमवर, एकापाठोपाठ चालवा. उडी कोणत्या दोन टप्प्यांमध्ये आहे ते त्यातून दिसतं. कॅटायन एक्स्चेंजनंतर वाढ दिसली तर पूल कुठे बंद केला ते बघा. अल्ट्राफिल्ट्रेशननंतर दिसली तर पंपाचा वेग, दाब आणि टाकीतला फेस बघा.

यासाठी प्रत्येक टप्प्याच्या दोन-तीन जादा नळ्या गोठवलेल्या असाव्या लागतात, आणि प्रत्येक नळीवर टप्पा, बफर, पीएच, सांद्रता, काढल्याची आणि गोठवल्याची वेळ लिहिलेली असावी लागते. बॅच सुरू होण्याच्या आदल्या दिवशीच ही लेबलं छापून घ्या.